उघडा म्हणजे नापसंत

थोरल्या भाऊजींनी जन्मभर चाकू केले, पण घरात कांदा चिरायची वेळ आली की हात मागे. "पातं मिटलं की माझं काम संपलं. पुढचं तुमचं," असं म्हणून ते ताटावर येऊन बसायचे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते मला पाहुणी म्हणतात. माझे केस पांढरे व्हायला लागले, तरी मी पाहुणीच.

घर दोन मजली. वर आम्ही सगळे, खाली त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे एकच लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला जाळीची खिडकी, खिडकीखाली लाकडी ओटा, ओट्याला जखडलेला, वस्तू आवळून धरायचा व्हाइस, भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेल्या कानशी, आणि सगळीकडे तेलाचा नि घासलेल्या पोलादाचा वास. इथे फक्त खिशातले, मिटायचे चाकू होत. माळी, वायरमन, गोदामात गाठोडी बांधणारे लोक ते नेत. एकदा नेलेला चाकू जन्मभर पुरे, त्यामुळे गिऱ्हाईक पुन्हा यायचं ते बहुधा चाकू हरवला म्हणून. भाऊजी आधी विचारायचे, "कुठे हरवला?" नीट उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा द्यायचे नाहीत.

या कामात अर्धा वाटा जाऊबाईंचा होता. मिटणाऱ्या चाकूचा सगळा जीव कमानीत असतो. कमान म्हणजे मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादाची पट्टी. पातं मिटलेलं असो की उघडं, तीच त्याला धरून ठेवते. कमान सैल असली तर चाकू खिशात आपोआप उघडतो, घट्ट असली तर उघडताना नख तुटतं. पात्यावर नखासाठी चंद्रकोरीएवढी खाच असते. तिच्यात अंगठ्याचं नख घालून ओढलं की पातं अर्ध्यावर, काटकोनात येऊन क्षणभर अडतं, तेव्हा एक टक्. पूर्ण उघडलं की दुसरं टक्. हे तपासायचं काम जाऊबाईंचं. जेवणं झाली की भाऊजी वर आडवे व्हायचे आणि जाऊबाई खाली जायच्या. सकाळभरात झालेले चाकू हिरव्या कापडावर मांडलेले असायचे. एकेक उचलायचा, कानाशी न्यायचा, टक्, टक्. पसंत पडला तर मिटून जागेवर. नाही पडला तर उघडाच ठेवायचा. भाऊजी उठून खाली गेले की निकाल समोर. नापसंतीचं कारण मात्र चहाच्या वेळी तोंडाने मिळायचं.

"मधला का उघडा?"

"कमान बसवलीय की परकराची नाडी?" म्हणजे सैल.

नाहीतर, "पहिलवानाला विकायचाय का तो?" म्हणजे घट्ट.

भाऊजींनी या निकालावर कधी अपील केलं नाही.

जाऊबाई गेल्या, आणि पुढच्या थंडीत भाऊजींना झटका आला. बोलणं-चालणं सावरलं, पण डावा हात काही कामावर परतला नाही. "रजेवर गेलाय," भाऊजी सांगायचे, "अर्ज न देता." उजव्या हाताने आणि व्हाइसच्या मदतीने ते काम करत राहिले. मूठ व्हाइसमध्ये पकडायची, डावा हात नुसता वजनासारखा कानशीवर ठेवायचा. काम मंदावलं, थांबलं नाही.

मग नवा नियम आला. कुठेतरी मारामाऱ्या झाल्या होत्या, त्यावरून खिशात बाळगायच्या चाकूंवर बंधनं आली. पातं सात सेंटिमीटरच्या वर नको. उघडल्यावर अडकून बसणारा खटका नको. पातं खाली करून झटकलं तर उघडता कामा नये. आणि उघडायला दोन हात लागलेच पाहिजेत. एका हाताने उघडला की नापास. अर्थात साध्या माणसाला दोन हातांनी तो उघडताही आला पाहिजे. प्रत्येक कारागिराने नमुना करून तपासणी कार्यालयात द्यायचा, तो तिथे कपाटात राहणार, आणि त्याच्यासारखेच चाकू पुढे विकायचे. ठरल्या मुदतीत नमुना पास झाला नाही, किंवा तीनदा नापास झाला, की परवाना रद्द.

"म्हणजे मला उघडता येणार नाही असाच चाकू मी करायचा," भाऊजी म्हणाले. "सरकारला माझी आठवण आहे म्हणायची."

आम्ही हसलो. पण कारखाना बंद झाला तर भाऊजी वरच्या खिडकीत बसणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. खिडकीत बसलेला माणूस कसा हळूहळू खिडकीचाच होऊन जातो, ते मी माझ्या वडिलांचं पाहिलं होतं.

पहिला नमुना तपासनीस साहेबांनी उजव्या हातात धरला, अंगठ्याने पातं ढकललं, ते उघडलं. सैल, नापास. दुसरा नमुना साहेबांनी ओढला, शिपायाने ओढला, टायपिस्ट बाईंनी हौसेने हातात घेतला आणि नख मोडून घेतलं. "आजोबा, हा चाकू नाही, हे लाटणं आहे," साहेब म्हणाले. नापास.

पुढच्या आठवड्यात भाऊजींनी मला खाली बोलावलं. "पाहुणी, जरा तुझे हात दे. माझ्याकडे एक कमी पडतो."

त्यांनी तिसऱ्या नमुन्यासाठी केलेला चाकू माझ्या हातात ठेवला. मी खाचेत नख घातलं, ओढलं, दम घेऊन पुन्हा ओढलं. पातं जागचं हललं नाही.

"अजून सैलच आहे," भाऊजी म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "सैल? भाऊजी, माझं नख उपटायची वेळ आली."

ते ओट्याकडे बघत होते. आवाज नेहमीचाच, चहात साखर कमी आहे म्हणावं तसा. "मिटून ठेवतो. झोपून उठून येतो तर रोज उघडा. मग कमान जाड करतो. तरी उघडा. काल सगळ्यात जाड पट्टी घातली. तरीही."

"दार?"

"कुलूप असतं. किल्ली माझ्या उशाशी."

मी वर येऊन आमच्या ह्यांना सांगितलं. हे वर्तमानपत्रातून बाहेर आले नाहीत. "दादाच दातांत धरून उघडत असेल आणि विसरत असेल. त्याचे दात बघितलेस का? या वयात अक्रोड फोडतो."

पटण्यासारखं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी वर झोपायला आल्यावर त्यांच्या उशाची किल्ली घेऊन मी खाली गेले. बरोबर ह्यांचे बटणं तुटलेले शर्ट घेतले. चाकू हिरव्या कापडावर मिटलेला होता. पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवलेला. मी खिडकीशी स्टुलावर बसले. बाहेर ऊन होतं, एक माणूस हातगाडीला टेकून उभ्याउभ्या डुलक्या घेत होता. सगळं कसं नेहमीसारखं.

दोऱ्याला गाठ मारत होते तेव्हा टक् झालं.

मी मान वर केली. पातं काटकोनात उभं होतं. नुसतं उभं होतं, थांबलं होतं. जाऊबाई चाकू अर्ध्यावर आणून कानाशी धरून ठेवायच्या, तेवढाच वेळ. मग ते सावकाश पुढे झुकलं आणि दुसरं टक् झालं. कापडावर चाकू तसूभरही हलला नाही. मी ओरडले नाही. ओरडून कोणाला सांगायचं? खोलीत ज्या होत्या त्यांना माहीतच होतं.

जरा वेळाने उठून जवळ गेले. खाचेतलं तेल पुसलं गेलं होतं. नखाएवढी कोर, स्वच्छ, कोरडी. माझं नख तिच्यावर धरून पाहिलं. कोर माझ्या नखापेक्षा रुंद होती. जाऊबाईंचा अंगठा रुंद होता. डबे, बरण्या, नळ, सगळ्या घट्ट वस्तू घरात त्यांच्याकडेच जायच्या.

भाऊजी उठून खाली आले. चाकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मांडीवरच्या शर्टांकडे.

"बघितलंस," ते म्हणाले.

"बघितलं."

"घाबरलीस?"

"बटण उलटं शिवलं."

ते बसले. डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर घेतला. "पहिला नमुना परत आला त्या दिवसापासून येते. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, हिला काळजी आहे. साहेब म्हणाले सैल आहे, हीसुद्धा म्हणते सैल आहे. मी जाड करत गेलो. दुसऱ्या वेळी साहेब घट्ट म्हणाले, पण हिचं समाधानच होईना. पाहुणी, मला आता वेगळीच भीती वाटते. तिच्या हाताला आता काही जडच लागत नसेल तर? मग मी कुठपर्यंत जाड करणार?"

मी उघड्या चाकूकडे बघत राहिले. जाऊबाई तिथेच उभ्या राहून वाट बघत असल्यासारखं वाटलं. आणि मला एकदम चहाची वेळ आठवली.

"भाऊजी, उघडा म्हणजे काय?"

"नापसंत."

"सैल?"

"सैल. नाहीतर..." ते थांबले.

"नाहीतर घट्ट. ते त्या चहाला सांगायच्या. आता कशा सांगणार?"

भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला, चांगला आवाज येईल इतका. "म्हणजे ही रोज मला सांगतेय, पहिलवानाला विकायचाय का. आणि मी रोज आणखी जाड करतोय. काय म्हणत असेल!"

"जिवंतपणी जे म्हणायच्या तेच."

आम्ही दोघं हसलो. हसताना दोघांनीही मागे वळून पाहिलं.

दुसऱ्या सकाळपासून आम्ही दोघं कामाला लागलो. मी मूठ धरायची, त्यांनी कानस चालवायची. एकाच पट्टीतून दोन कमानी कापल्या आणि दोन चाकू केले, अगदी जुळे. एक कार्यालयासाठी, एक घरी. माझ्या अंगठ्यावर कमान बेतत गेलो. "नखाला दुखलं नाही पाहिजे, पण अंगठ्याला कळलं पाहिजे," भाऊजी सारखं म्हणत. मुदत संपत आली होती. दोन्ही चाकू तयार झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कार्यालयात हजर व्हायचं होतं. दुपारी ते मिटून कापडावर ठेवले आणि आम्ही दोघंही वर गेलो. झोप कोणालाच लागली नाही.

चहाच्या वेळी खाली आलो. दोन्ही पाती अर्ध्यावर उभी होती.

मिटलेली नाहीत, उघडी नाहीत. शेजारी शेजारी, काटकोनात, दोन माणसं दारात ताटकळावीत तशी.

"असं कधी करायच्या?" मी विचारलं.

"जन्मात नाही," भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "काय सांगायचंय हिला?"

कोडं सोडवत बसायला वेळ नव्हता.

सकाळी त्यांच्याबरोबर मीही गेले. कार्यालयाची खोली उंच, पंखा लांब दांडीचा, टेबलावर काच आणि काचेखाली जुनी कॅलेंडरं. साहेब तरुण होते, वागायला बरे. चाकू मोजला. खटका नाही हे पाहिलं. एका हाताने उघडून पाहिला, जमलं नाही. दोन हातांनी घेतला, टक्, टक्, सहज उघडला. मग मिटला, पातं खाली करून हात उंच नेला आणि जोरात झटकला. एकदा, पुन्हा एकदा. शिपायाला दिला, त्याने तर पाण्याची बाटली रिकामी करावी तसा हिसडा दिला. पातं मिटलेलंच.

"पास, आजोबा," साहेब म्हणाले आणि चाकूला चिठ्ठी बांधून तो कपाटात ठेवला.

भाऊजी घरी येताना रस्ताभर बोलत होते. शेजाऱ्यांना सांगितलं, धोब्याला सांगितलं. आमचे हे कधी नव्हे ते खाली आले. घरी राहिलेला चाकू उचलून म्हणाले, "हाच का तो पराक्रम?" आणि साहेबांची नक्कल करत पातं खाली करून नुसता मनगटाला झोका दिला.

पातं घरंगळल्यासारखं बाहेर आलं. टक्, टक्.

ह्यांनी मिटून पुन्हा झोका दिला. पुन्हा बाहेर. मी केलं, तसंच झालं. एकाच पट्टीच्या कमानी, एकाच हाताने घासलेल्या. हा सैल तर तो सैल. कार्यालयात शिपायाने हिसडे देऊनही तो मिटून राहिला होता.

"ठीक आहे की," हे म्हणाले, पण आवाज बारीक झाला होता. "पास तर झाला."

भाऊजींनी चाकू ओट्यावर ठेवला. "तिने पास केला नाही," ते म्हणाले. "तिने कधी वाईट माल पास केला नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही. तिने तिथे नुसता धरून ठेवलाय. अर्ध्यावर म्हणजे हेच. मुदत दिलीय मला." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि अजून धरून बसली असेल. त्या कपाटात."

ते वाक्य ऐकून ह्यांनी दिवा लावला. बाहेर लख्ख उजेड होता.

पुढचे दिवस भाऊजी घाईत होते, पण ती परवान्याची घाई नव्हती. परवाना मिळाला होता. ताटावर बसले तरी मध्येच उजव्या हाताची मूठ आवळून बघायचे, माणूस किती वेळ अशी धरून ठेवू शकतो ते अजमावत असल्यासारखे. दुपारी ठेवलेले चाकू आता उघडे सापडत नव्हते. कापडावर काही घडतच नव्हतं, तेलही जसंच्या तसं. जाऊबाई इथे नव्हत्या. नवी कमान केसभर जाड घेतली. मी चाकू झटकून पाहिला, ह्यांनी झटकला, धोब्यालाही बोलावून झटकायला लावला. एका हाताने कोणाला उघडेना, दोन हातांनी सगळ्यांना उघडे. या वेळी पसंती द्यायला कोणी नव्हतं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं.

"मिटून ठेवू?" मी विचारलं.

"तू सांग."

मी मिटून ठेवला.

कार्यालयात साहेबांना काही कळेना. "पास झालेला नमुना बदलायला आजवर कोणी आलं नाही, आजोबा. खोट काय आहे त्यात?"

"सैल आहे."

साहेबांनी कपाट उघडलं, चिठ्ठी बांधलेला चाकू काढला, पातं खाली करून झटकला. काही नाही. हात बदलून झटकला. काही नाही. "कुठे आहे सैल?" मग जरा थांबून, "आणि एवढा गार का आहे हा?"

"माझ्या हातात द्या."

भाऊजींनी उजव्या हातात तो धरला, पातं खाली करून. झटकला नाही. मान जरा वाकवली आणि जेवायला बोलावताना बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "सोड आता. नीट केलाय. दुसरा आणलाय मी."

पातं बाहेर आलं. आधी अर्ध्यावर, तिथे थांबलं. भाऊजी मान वाकवून तसेच उभे. मग ते सावकाश पूर्ण उघडलं.

भाऊजींनी तो उघडा चाकू टेबलाच्या काचेवर ठेवला आणि नवा पुढे केला. साहेबांनी नवा चाकू घेतला, मोजला, झटकला, उघडला, मिटला आणि चिठ्ठी बांधली. गाठ मारताना त्यांच्याकडून दोरा दोनदा सुटला.

"आजोबा," शेवटी ते म्हणाले, "तुम्ही कोणाशी बोललात?"

"आमच्या मंडळींशी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी नाही," मी म्हणाले. "मी धाकटी भावजय."

ते आणखी काही विचारतील असं वाटलं. पण त्यांनी टेबलावरची लांब पट्टी घेतली आणि उघडा चाकू पट्टीच्या टोकाने, बोट न लावता, काचेवरून आमच्याकडे सरकवला.